चौथी मिती आणि चार गुंठे

मराठी भाषेला पुढचं आधीच दिसतं, असं माझं जुनं मत आहे. ‘मिती’ हा शब्दच घ्या. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती. आणि जुन्या गहाणखतावर ‘मिती वैशाख शुद्ध पंचमी’ असं लिहिलेलं असतं, तीही मितीच. काळ ही चौथी मिती, हे शास्त्रज्ञांनी फार उशिरा सांगितलं. सावकारांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. चौथी मिती टळली की उरलेल्या मितींतली जमीन ते आपल्या नावावर करून घेत.

हे आठवायला निमित्त झालं आमच्या पुतण्याचं. तो पुण्यात शिकतो. काय शिकतो ते घरात कुणालाही एका दमात सांगता येत नाही. वहिनी विचारणाऱ्याला “कॉम्प्युटरचंच हाय काय तरी” एवढं सांगून दुसरा विषय काढतात. मे महिन्यात तो सुट्टीला पिंपळीला आला. बारामतीत चहा घेऊन इंदापूर रस्त्याला लागलं की तो चहा पोटात स्थिरावायच्या आत येते ती आमची पिंपळी. आल्या आल्या तो म्हणाला, “काका, आपल्या रानाचा चार मितींतला आलेख काढायचाय.”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं. आलेखाच्या कागदाला दोनच मिती असतात, हे मी फळ्यावर खडू आपटून सांगत आलो. तिसरी मिती म्हणजे कागदाची जाडी आणि ती मोजायची नसते. चौथीचं नाव काढणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण हा घरचाच. बाहेर उभा केला असता तर वहिनींनी मलाही तिथंच चहा पाठवला असता.

त्यानं समजावून सांगितलं ते असं. रानात पूर्व-पश्चिम किती पावलं ही पहिली गोष्ट. दक्षिण-उत्तर किती ही दुसरी. त्या जागी ऊस किती उंच आहे ही तिसरी. तेवढा उंचवटा काढायचा. सगळे उंचवटे जोडले की चादर पसरल्यासारखा एक पृष्ठभाग तयार होतो. आणि त्याच जागी मातीत क्षार किती ही चौथी गोष्ट. तिच्यासाठी कागदावर जागा शिल्लक नसते, म्हणून तिचा रंग करायचा. चादर उंचीनं वर-खाली होणार आणि क्षारानं रंगणार.

“म्हणजे चौथी मिती दिसत नाही. तिला रंग फासून आणायची,” मी म्हणालो.

“बहुरूप्यासारखी,” तो म्हणाला. पोरगं हुशार आहे.

ही युक्ती नवी नाही, असंही त्यानं सांगितलं. अमेरिकेतल्या गिब्ज नावाच्या शास्त्रज्ञानं पाण्यासारख्या पदार्थाचं आकारमान, एन्ट्रॉपी आणि ऊर्जा यांचा मिळून एक पृष्ठभाग कल्पिला होता. तो कुणालाच डोळ्यांपुढं आणता येईना. तेव्हा १८७४ च्या सुमारास मॅक्सवेल या थोर माणसानं बाह्या सरसावून त्याचा मातीचा नमुना केला. त्यावर सारख्या तापमानाच्या आणि सारख्या दाबाच्या रेषा ओढल्या. तीन गोष्टी मातीत आणि उरलेल्या दोन मातीवर. मग त्याची प्लास्टरची प्रतिकृती काढून गिब्जला भेट म्हणून पाठवली. आमच्याकडे पोळ्याला मातीचे बैल करतात आणि त्यांना रंग देतात. कामाची पद्धत तीच. फक्त मॅक्सवेलच्या बैलाला पुढं भौतिकशास्त्राची गाडी ओढायला लावली.

तरीही मी शेवटची पळवाट काढून पाहिली. “हल्ली उपग्रह वरून सगळं बघतो म्हणतात. मग मेच्या उन्हात उसात कशाला घुसायचं?”

बारामतीत ही गोष्ट कुणाला नवी नाही. माळेगावच्या कृषी विज्ञान केंद्रात उपग्रह, मातीतले सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या जोरावर ऊस कसा पिकवायचा ते २०२४ पासून लोक बघायला येतात. २०२५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी बारामतीच्या उसाचं कौतुक साऱ्या जगाला सांगितलं, तेव्हा पारावर कुणालाही विशेष वाटलं नाही. कौतुक झालं ते ठीक, पण टनाला भाव किती देणार, एवढंच एकानं विचारलं.

पुतण्यानं फोनवर उपग्रहाचं चित्र काढून दाखवलं. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह. तो आपलं रान दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशा चौकोनांत बघतो. मी मनात हिशेब मांडला आणि अंगावर काटा आला. दहा गुणिले दहा, शंभर चौरस मीटर. आपला गुंठा तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, म्हणजे एकशे एक चौरस मीटर. युरोपातला उपग्रह आकाशातून खाली बघतो आणि त्याला जमीन गुंठ्यागुंठ्यानं दिसते! फरक फक्त साडेबारा चौरस फुटांचा. अर्थात, साडेबारा चौरस फुटांवरून आमच्याकडे दोन पिढ्या कोर्टात जातात.

“पण उपग्रहाला पाला दिसतो. मातीतला खार तिथं पोचेपर्यंत ऊस पिवळा पडलेला असतो,” पुतण्या म्हणाला. पळवाट बंद झाली.

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. आडवे पाच, उभे आठ. चाळीस ठिकाणी आम्ही दोघं आत शिरलो. आडसाली ऊस, मागच्या जुलैतली लागण, दहा महिन्यांचा. त्याची पानं बाहेरून वाऱ्यावर डोलतात तेव्हा कविता सुचते. आत शिरलं की तीच पानं करवतीसारखी कानापासून कोपरापर्यंत ओरखडे काढतात. एकानं टेप धरायचा, दुसऱ्यानं शेंडा शोधायचा. मग वीतभर खोलवरची माती पिशवीत. संध्याकाळी वहिनींच्या पुरणाच्या पातेल्यांत ती माती पाण्यात कालवून मीटर बुडवायचा आणि आकडा लिहायचा. तिसऱ्या दिवशी वहीत चार रकाने आणि चाळीस ओळी जमल्या. वहिनींची पातेली परत कधी मिळणार हा पाचवा रकाना त्या तोंडी भरत होत्या.

सगळे पडवीत जमलो. आबा, म्हणजे आमचे वडील, वय शहाऐंशी, बाजेवर बसले. लॅपटॉप समोरच्या पाटावर. पुतण्या म्हणाला, “आता सर्फ टाकला की झालं.”

“सर्फ संपलाय,” वहिनी आतून म्हणाल्या. “निरमा चालंल का?”

सर्फ ही पृष्ठभाग काढायची आज्ञा आहे, हे त्यांना समजावेपर्यंत पडद्यावर आमचं रान अवतरलं. एकरभर जमिनीचा निळाशार डोंगर! कडेकडेला हिरवट, मध्येच एक पिवळा पट्टा. आमची वडिलोपार्जित जमीन इतकी देखणी आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. वहिनींनी पदर सारखा केला. फोटो काढताना करतात तसा.

मग वाचनाला सुरुवात झाली. निळा म्हणजे क्षार कमी आणि तांबडा म्हणजे जास्त, असा खुलासा पुतण्यानं केला. रंगांचा क्रम पाहून मला भरून आलं. मी बत्तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेलं तानापिहिनिपाजा, फक्त उलट्या टोकानं मांडलेलं. याला जेट म्हणतात आणि कॉम्प्युटरवाल्यांनी वर्षानुवर्षं हेच वापरलं. त्यात खोड अशी की पिवळा रंग उगाच पुढं येतो. आबांनी पहिलं बोट त्या पिवळ्या पट्ट्यावरच ठेवलं. “हितं काय झालंय?” वहीत पाहिलं तर तिथं काहीच झालेलं नव्हतं. मधला आकडा, मधला ऊस. पण हळदीच्या अंगानं मांडवात फिरणाऱ्या माणसाकडे सगळे बघतात, तसं त्याचं झालं होतं.

दुसरी खोड मला माझ्या धंद्यामुळे कळली. कॉम्प्युटर आपल्याजवळच्या आकड्यांतला सगळ्यात लहान तो निळा आणि सगळ्यात मोठा तो तांबडा, असं स्वतःच ठरवून टाकतो. रान सगळंच उत्तम असलं तरी कुठंतरी तांबडं फासणार आणि सगळंच वाया गेलेलं असलं तरी कुठंतरी निळं दाखवणार. हे मी ओळखतो. वर्ग सगळा ढ असला तरी त्यात पहिला नंबर एकाचा येतोच आणि त्याचे वडील पेढे घेऊन येतातच.

तिसरी खोड गावची आहे. मोजलेल्या जागा चाळीस. पण चादर सलग दिसते, कारण दोन ठिकाणांच्या मधलं सगळं कॉम्प्युटर मनानं भरतो. पारावरही असंच चालतं. अमक्याचा मुलगा सकाळी स्टँडवर दिसला हा एक बिंदू, तमक्याची मुलगी दुपारी घरी नव्हती हा दुसरा. मधला सगळा पृष्ठभाग संध्याकाळपर्यंत रंगीत तयार.

आबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “आरं, बांधाकडचं चार गुंठं कुठं गेलं?”

“मागे आहेत, आबा.”

“कशाच्या मागं?”

“डोंगराच्या.”

“आपल्या रानात डोंगुर कवा झाला?”

पुतण्यानं बोटानं रान फिरवायला सुरुवात केली. एकर गर्रकन वळला. आबांनी दोन्ही हातांनी बाज घट्ट धरली. विहिरीकडचा उंच ऊस बाजूला सरकला आणि त्याच्या मागं दडलेला खड्डा समोर आला. तांबडाभडक. ऊस कमरेएवढा आणि क्षाराचा आकडा तीनच्या वर. इतका वेळ आम्ही ज्याचं कौतुक करत होतो तो पुढचा डोंगर होता आणि दुखणं त्याच्या पाठीमागं बसलं होतं. असल्या आलेखाचं मोठं वर्म हेच. पुढं उभा असलेला उंच माणूस मागच्याला झाकतो. आमच्या ग्रामसभेचा फोटोही नेमका असाच येतो.

“ह्ये मला ठावं हाय की,” आबा म्हणाले. “म्हून तर तिथं दोनशे पासष्ट लावलाय.” फुले २६५ हा वाण क्षारपड रानात तग धरतो. आमच्या तीन दिवसांच्या ओरखड्यांचा निष्कर्ष त्यांनी लागणीच्या वेळीच काढून ठेवला होता. फक्त तो त्यांनी रंगवला नव्हता.

खरं तर हा निष्कर्ष त्यांच्याही आधीचा. कालवा आला, त्याचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून खार वर आला, ही नीरा डाव्या कालव्याची सगळी कथा. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० साली एक पुस्तिकाच लिहिली. पुढं मॅनसाहेबांनी एका खेड्याचा घरोघर अभ्यास केला, तो मात्र पिंपळीचा नाही, पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा. तिथं १७७१ साली एकेकाची सरासरी चाळीस एकर असलेली शेती १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आली होती, असं त्यांना आढळलं. आमच्या आलेखाला चाळीस ओळी पुरल्या, त्यामागं हेच शास्त्र आहे. चाळीस एकर राहिले असते तर सोळाशे गुंठे मोजावे लागले असते. भाऊबंदकीनं आमचं ऊन वाचवलं.

या सगळ्या काळात सरकारला आमच्या पिकाविषयी एकच आकडा लागत आला आहे, पैसेवारी. पन्नास पैशांच्या आत की बाहेर. संपूर्ण शिवार, सगळे बांध, सगळे खड्डे, सगळी माणसं मिळून एक आकडा. चार मितींचा पुतण्या आणि एका आकड्याचं सरकार यांच्यामध्ये आबा बाजेवर बसलेले.

“खार कुठं हाय त्ये कळलं,” आबा म्हणाले. “कवापास्नं हाय त्ये दाव.”

पुतण्या गप्प. ते त्याच्या रकान्यांत नव्हतं.

आबांच्या डोक्यात होतं. बांधालगत पूर्वी एक चर होता. आमच्या रानातलं फाजील पाणी त्यातून नानांच्या रानाकडे जाऊन पुढं ओढ्याला लागायचं. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी नानांच्या वडिलांनी रान सपाट करताना चराचं तोंड बुजवलं. त्यानंतरच्या शिमग्याला त्या कोपऱ्यात पहिल्यांदा मीठ सांडल्यासारखं पांढरं दिसलं. चौथी मिती आबांना अशी तोंडपाठ होती आणि गेली पन्नास वर्षं ती नानांना ऐकवायची संधी ते शोधत होते.

“कागद काढ ह्येचा,” ते म्हणाले.

पुतण्या आलेख पेनड्राइव्हवर घेऊन गेला आणि झेरॉक्सच्या दुकानातून काळी-पांढरी प्रत घेऊन आला, कारण रंगीत प्रतीला दहापट पैसे पडत होते. आणि इथं जेटची चौथी खोड बाहेर आली. गर्द निळा आणि गर्द तांबडा, काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारखेच काळे. आमचा सर्वांत उत्तम ऊस आणि सर्वांत खारट खड्डा एकाच रंगाचे झाले.

नानांनी तो कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि नेमका उलटा धरला. छाया-प्रकाशाच्या चित्राचं एक असतं. ते उलटं धरलं की डोंगराचा खड्डा होतो आणि खड्ड्याचा डोंगर. नाना समाधानानं म्हणाले, “म्हंजी खड्डा तुमच्या हिरीपाशी हाय. आमच्याकडं तर टेकडी दिसती.”

“नाना, कागद उलटा धरलाय,” मी म्हणालो.

“आमच्या बाजूनं असंच दिसतंय,” नाना म्हणाले. याला उत्तर नव्हतं.

मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली. चर बुजवला हे खरं. पण वीज रात्रीची येते म्हणून तुम्ही मोटर चालू करून झोपता, रान रात्रभर भिजत राहतं, ते पाणी जाणार कुठं? खाली मुरतं, खालचा खार घेऊन वर येतं, उन्हात पाणी उडून जातं आणि खार राहतो. हेही खरं होतं. शास्त्र दोघांच्याही बाजूनं होतं. भाऊबंदकीतली सगळ्यात अवघड अवस्था हीच.

पुतण्यानं घरी येऊन रंग बदलले. हल्ली व्हिरिडिस नावाची रंगमाला वापरतात म्हणे. २०१५ साली निघालेली. गर्द जांभळ्यापासून निळ्या-हिरव्यातून पिवळ्यापर्यंत पायरीपायरीनं उजळत जाणारी. काळी-पांढरी प्रत काढली तरी अंधारातून उजेडाकडे जाणारा क्रम मोडत नाही. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांनाही ती वाचता येते. मुख्य म्हणजे तिच्यात तांबडा रंगच नाही. त्यामुळे नानांना आपल्यावर कुणी शेरा मारल्यासारखं वाटलं नाही.

दुसरं काम त्यानं मला न विचारता केलं. नानांची परवानगी घेऊन बांधापलीकडचे आठ गुंठे मोजले. आमचा आलेख आमच्या बांधापाशी संपत होता, कारण आमची मोजणी तिथं संपत होती. चाळिसाच्या अठ्ठेचाळीस ओळी झाल्या, तेव्हा पडद्यावर तो खड्डा बांध ओलांडून सरळ नानांच्या रानात शिरला. मध्ये ना वळसा, ना थांबा. खाराला सातबारा वाचता येत नाही.

या वेळी नाना आमच्या पडवीत आले. आबांच्या शेजारी बाजेवर बसले. रान गर्रकन फिरलं तेव्हा दोघांनी मिळून बाज धरली.

“आमच्यात बी हाय म्हणा की,” नाना म्हणाले.

“हाय की,” आबा म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांचं हे पहिलं एकमत.

चर खणायचा ठरला. दोघांच्या रानातून, ओढ्यापर्यंत. तारीख काढायला वहिनींनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं आणि पुतण्या त्याच्याकडे बघतच राहिला. आडव्या ओळी, उभे रकाने, प्रत्येक घरात आकडा, आकड्याखाली तिथी, सुट्टी असेल तर तांबडा रंग आणि कोपऱ्यात वहिनींच्या पेन्सिलीनं लिहिलेलं त्या दिवशीचं दूध. पाच-सहा मिती एका खिळ्याला टांगलेल्या आणि त्या घराघरांत लोक चष्म्यावाचून वाचतात. “याला कुठली आज्ञा देतात?” त्यानं विचारलं. वहिनी म्हणाल्या, “आज्ञा कसली? दूधवाला आला की लिव्हायचं.”

आबा म्हणाले, तुकोबांची पालखी काटेवाडीकडं गेली की सुरू करू. नाना म्हणाले, पावसात कसा खणायचा, ऊस तुटून जाऊ दे. आबा म्हणाले, मग दिवाळीनंतर. नाना म्हणाले, दिवाळीनंतर नातीचं लगीन. आबा म्हणाले, मग संक्रांत. नाना म्हणाले, बघू.

चराची लांबी ठरली आहे, रुंदी ठरली आहे, खोली ठरली आहे. चौथी मिती तेवढी ठरायची आहे.